साप, सांदवाडी आणि एक जुनी गोष्ट



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर लिहिणं-वाचणं बंदच होतं. आता छान दिसतंय, तेव्हा तुमची सुटका नाही!

परवा कुरियरवाला एक खोकं देऊन गेला. पुण्याहून धाकट्याने पाठवलेलं. आत पांढऱ्या पावडरीचे दोन डबे. डब्यावर फणा काढलेला नाग आणि त्याच्यावर लाल फुली. संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या आहेत, मुलांना घेऊन येतोय. ती पावडर घराभोवती टाकून ठेव. साप येत नाहीत म्हणे."

सूनबाईंनी मागून हळूच विचारलं, "आई, रात्री मुलांनी अंगणात गेलेलं चालेल ना हो?"

तिचं काही चुकलं नाही. माझी नातवंडं आजवर उन्हाळ्यातच आलेली. भर पावसाळ्यातलं चिमूर त्यांनी पाहिलेलं नाही. एका बाजूला उमा नदी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि थोडं पुढे गेलं की ताडोबाचं जंगल सुरू. आमच्या घरामागे सांदवाडी आहे (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : घरामागची मोकळी जागा, परसू म्हणा). तिथे वालाचे वेल, पपई, कढीपत्ता, जुन्या कवेलूंचा ढीग, आणि पावसाळ्यात बेडकांची शाळा भरते. एवढं सगळं असल्यावर सापाने यायचं नाही म्हणजे काय!

लेकाचं मन मोडायचं नाही म्हणून मी एक डबा उघडला. घराभोवती रांगोळीसारखी रेघ ओढली. वास असा, की मलाच घर सोडून जावंसं वाटलं. चौथ्या दिवशी पहाटे चुलीजवळच्या भिंतीशी एक कवड्या साप दिसला. तो त्या रेघेवरून सरळ आत आलेला, कारण पांढऱ्या पावडरीत त्याची नागमोडी वाट स्पष्ट उमटली होती! पुढे पाऊस आला आणि रेघही गेली.

थोडं शाळेसारखं सांगते, रागावू नका. सवय जात नाही.

आपल्याकडे सापासाठी उपाय पुष्कळ. कोणी दाराला लसूण बांधतं, कोणी रॉकेल शिंपडतं, कोणी फिनेल ओततं, कोणी डांबराच्या गोळ्या टाकतं. माझ्या सासूबाई संध्याकाळी धूप फिरवायच्या. या कशानेही साप हटतो असा भरवशाचा पुरावा नाही. वास उडून जातो, पावसाने धुऊन जातो. काही लोक कार्बोलिक ॲसिड आणून टाकतात. सापाचं काय व्हायचं ते होवो, पण खेळणाऱ्या लेकराची कातडी मात्र त्याने भाजते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उपाय केला असं वाटून माणूस निर्धास्त होतो.

साप आपल्याला भेटायला येत नाही. तो उंदरामागे येतो, बेडकामागे येतो, पालीमागे येतो, नाहीतर बिळात पाणी शिरलं म्हणून कोरड्या जागेला येतो. म्हणजे सापाला हाकलायचं तर आधी त्याचं जेवण आणि त्याची खोली बंद करायची. हे काम कंटाळवाणं आहे, डब्यात मिळत नाही.

आमच्याकडे काय केलं ते सांगते. धान आणि तांदूळ पोत्यातून काढून पत्र्याच्या कोठीत भरले. कोंबड्यांना टाकलेले दाणे संध्याकाळी झाडून घेते. नळाखाली पाणी साचत होतं तिथे दगड बसवून उतार काढला, म्हणजे बेडकांची शाळा जरा लांब गेली. कवेलूंचा ढीग उचलला. सरपण भिंतीला टेकून होतं ते हातभर उंच लाकडी घोडीवर रचलं, भिंतीपासून दूर. तणसाचा ढीग असाच घराला लागून होता. आता गुरं नाहीत, तेव्हा तो देऊनच टाकला. छपरावर टेकलेल्या पेरूच्या फांद्या छाटल्या. न्हाणीच्या पाण्याच्या भोकाला जाळी बसवली. मागच्या दाराखाली दोन बोटं फट होती, तिथे रबराची पट्टी ठोकली. आणि दारावरचा दिवा काढून फाटकाजवळ लावला. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाली आणि बेडूक, आणि त्यांच्यामागे कोण ते तुम्हाला कळलंच.

एवढं करूनही साप येणारच नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या सांदवाडीत एक धामण गेली कित्येक वर्षं आहे. म्हणजे तीच आहे की तिची लेक, हे काही मी विचारायला गेले नाही. "हे" होते तेव्हा म्हणायचे, आपल्या घरचा बिनपगारी शिपाई आहे, राहू दे. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे साप मारणं हा गुन्हाही आहे. तिला मी अंगणातून जाऊ देते. तिची हद्द सांदवाडी, माझी हद्द उंबऱ्याच्या आत.

पण सगळे साप धामण नसतात. आता जे लिहिते आहे ते घरातही फार कोणाला माहीत नाही. मुलांना मी कधी सांगितलं नव्हतं.

१९७६ सालची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते. नोकरी लागून तीन वर्षं झाली होती, बी.ए.चा अभ्यास बाहेरून चालू होता. चिमूरपासून दहा-बारा किलोमीटरवर जंगलाला लागलेल्या एका गावात शाळा होती, दोन खोल्यांची. श्रावणातला शनिवार, सकाळची शाळा. तिसरीतला एक मुलगा, नाव लिहीत नाही, त्याचे भाऊ-पुतणे अजून आहेत. एरवी चुळबुळ्या पोरगा. त्या दिवशी भिंतीला टेकून पेंगत बसलेला. मी पाढे घेत होते. त्याला उठवलं. म्हटलं, "झोपायला येतोस का शाळेत? डोळे उघड नीट."

तो म्हणाला, "बाई, उघडून नाही राह्यले जी डोळे. अन् पोट दुखून राह्यलं."

पोरं हसली. मलाही तो बहाणाच वाटला. पोटदुखी हा तर पोरांचा ठरलेला बहाणा! मी त्याला उभं राहायला सांगितलं.

तो उभा राहिला. किती वेळ, ते मला आज सांगता येत नाही. मी फळ्याकडे वळले होते. मागे धप्प आवाज झाला. वळून पाहिलं तर तो खाली बसलेला, तोंडातून लाळ गळत होती, बोलायला जात होता पण शब्द फुटत नव्हता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या.

आई धावत आली. तिने सांगितलं, पहाटेपासून पोटात कळा येत होत्या, ओवा दिला, जरा बरं वाटलं म्हणून शाळेत पाठवलं. अंगावर कुठे चावल्याची खूण दिसेना. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं. कोणी म्हणालं भूत. शेजारच्या गावातून मांत्रिक आणला. कडुलिंबाचा पाला आणला, धूर केला, पाणी मारलं. नाल्याला पूर होता, बैलगाडी निघायला उशीर होणारच होता. पण निघाली असती. "गाडी जुंपा" असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं आणि मी बोलले नाही. नवीन, बाईमाणूस, परक्या गावातली. मला वाटलं, माझं कोण ऐकणार? दुपारी तो गेला. श्वास हळूहळू बंद झाला, एवढंच दिसलं. वेदना नाही, किंकाळी नाही.

काय झालं होतं ते गावात कोणालाच कळलं नाही. मलाही नाही. कळलं बारा वर्षांनी. एका प्रशिक्षणात सापांवरचं एक पुस्तक हाती आलं. त्यात मण्यारीबद्दल लिहिलं होतं. ही रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की झोपलेल्याला बहुतेक वेळा कळतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं. मग पापण्या जड होतात, उघडू म्हटलं तरी उघडत नाहीत. मग गिळता येत नाही, बोलता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. "बाई, उघडून नाही राह्यले जी डोळे." तो खरं सांगत होता. इतकं स्पष्ट, जणू पुस्तकातलंच लक्षण! आणि मी त्याला शिक्षा म्हणून उभं केलं होतं.

त्या वेळी दवाखान्यात नेला असता तर वाचला असता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण निदान त्याचे शेवटचे शुद्धीतले क्षण शिक्षेत गेले नसते.

त्या वर्षापासून मी एक नेम धरला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी वर्ग कोणताही असो, एक तास सापांचा. चिमूरच्या मुलांना नागपंचमी सांगायला वेगळं निमित्त लागत नाही. १६ ऑगस्ट १९४२, चिमूरची क्रांती झाली तो दिवस नागपंचमीचाच होता. आधी मी त्या दिवसाची गोष्ट सांगायची, गोळीबारात पडलेल्या कोवळ्या बालाजी रायपूरकरची. पोरं अगदी चिडीचूप होत. मग म्हणायची, आता दुसरा धडा. फळ्यावर चार साप काढायची : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. माझी चित्रकला दिव्यच. घोणस काढली की पोरं म्हणत, "बाई, हा तर दोडका!"

मण्यार आणि कवड्या यांतला फरक मात्र नीट घोकून घ्यायची. मण्यार काळीभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुतेक जोडीजोडीने. ते डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. कवड्या बिनविषारी, पाली खातो, भिंतीवर चढतो. पण हेही सांगायची, की ओळख पटली नाही तर हात लावायचा नाही, शहाणपणा दाखवायचा नाही. लांब व्हायचं, नजर ठेवायची आणि जाणत्या सर्पमित्राला बोलवायचं.

आणि शेवटी माझा प्रश्न. "सकाळी पोटात दुखतंय आणि डोळे उघडत नाहीत, तर?"

अख्खा वर्ग ओरडायचा, "दवाखाना!"

"मांत्रिक?"

"नाही!"

"खूण दिसली नाही तर?"

"तरी दवाखाना!"

इतर शिक्षक हसायचे. म्हणायचे, बाईंचं सापाचं कीर्तन सुरू झालं. चालायचंच.

तुम्हाला वाटेल, आता हे जुनं झालं. नाही हो. २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली. निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांत. आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त १५ वर्षांच्या आतली लेकरं. बरेचसे तर दवाखान्याचं तोंड न पाहता घरीच गेलेले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. दुर्लक्षित हा शब्द मला फार लागला. मीसुद्धा तेच केलं होतं ना? मुलगा सांगत होता आणि मी फळ्याकडे वळले.

औषध आहे. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था ते कित्येक वर्षं बनवत आल्या आहेत. सापाचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो, त्यातून ही लस करतात. आपण चिमूरकर बालाजीच्या घोडायात्रेत घोड्याला हात जोडतो. मला तर तेव्हा त्याचे हे भाऊबंदही आठवतात. आपल्याकडची लस त्या चारही सापांवर चालते, त्यामुळे कोणता साप चावला हे शोधत बसायचं किंवा साप मारून पिशवीत न्यायचं काही कारण नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. धीर द्यायचा आणि निघायचं. गाडीची वाट पाहण्यापेक्षा मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्यावं. नेपाळच्या तराईत असंच करून कितीतरी जीव वाचवले आहेत.

त्याच तराईतल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो. इतका साधा उपाय! बाजेवर झोपा, मच्छरदाणी लावा, तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. मण्यारीला आत यायला वाटच राहत नाही. त्या पोराच्या घरी बाज नव्हती. चार भावंडं एका चटईवर झोपायची. हे मला त्याच्या आईने सांगितलं होतं, आणि तेव्हा मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं, कारण सगळं गावच तसं झोपत होतं.

मागे काही वर्षांपूर्वी बाजारात एक माणूस भेटला. मिशा पिकलेल्या. पाया पडला. मी ओळखलं नाही. म्हणाला, "बाई, मी अमक्या सालचा चौथीचा." मग म्हणाला, त्याची बायको एकदा पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली. आंबट-तिखट खाल्लं असेल म्हणून सासू काढा करत होती. त्याने बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं, पापण्या खाली आलेल्या. "तुमचा प्रश्न आठवला बाई. तशीच गाडीवर घातली." नळी टाकून श्वास द्यावा लागला, काही दिवस दवाखान्यात गेले, पण बायको घरी आली. ती मागे पिशवी धरून उभी होती. मिरच्यांचा भाव करत होती!

मी घरी येऊन बराच वेळ पायरीवर बसले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण एकाचा हिशेब दुसऱ्याने फिटत नाही. तो तिसरीतला मुलगा आज असता तर सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा असता. त्यालाही नातवंडं असती.

असो. लिहिता लिहिता फार लांबलं.

लेकाला फोन करून सगळं सांगितलं, ही जुनी गोष्टसुद्धा. तो जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, मच्छरदाण्या किती लागतील?" म्हटलं, तीन आहेत, धुऊन दोरीवर टाकल्या आहेत, एकीला भोक आहे ते आज शिवते. मुलांसाठी दोन टॉर्च मात्र घेऊन ये. रात्री अंगणात जायचं तर पायात चप्पल, हातात टॉर्च, आणि आधी उजेड, मग पाऊल. दिवसा धामण दिसली तर लांबून दाखवीन. तिला दूध वगैरे द्यायचं नाही, साप दूध पीत नाही हेही सांगीन.

सूनबाईंना एवढंच सांगते की अंगणात मुलं आली तर चालतील, पळतीलसुद्धा. फक्त एक लक्षात ठेव. लेकरू म्हणालं की पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत, तर आधी खरं मानायचं. बहाणा होता असं नंतर कळलं तर हसून घेऊ.

आणि हो, पावडरचा एक डबा फोडलेला आणि एक न फोडलेला पडून आहे. चिमूरमध्ये कोणाला हवा असेल तर घेऊन जा. मुंग्यांना चालतो का, ते बघून मला कळवा!